महाविद्यालयीन अनुदान

महाविद्यालयांना आवर्ती व अनावर्ती खर्चासाठी शासनाकडून मिळणाऱ्या अर्थसाहाय्यास महाविद्यालयीन अनुदान असे म्हणतात. सार्वजनिक पैशावर चालणारी महाविद्यालये भारतात मुख्यत्वे दोन प्रकारची आहेत. शासकीय महाविद्यालयाचा सर्व खर्च शासन करते व तेथील अध्यापक हे शासकीय सेवक असतात. खाजगी अनुदानित महाविद्यालय एखादी शिक्षणसंस्था चालविते. इमारत, जागा व व्यवस्थापन संस्थेचे असते आणि मान्य पदांवरील अध्यापक व कर्मचारी यांचे वेतन शासन देते. महाराष्ट्रात कला, वाणिज्य व विज्ञान या शाखांचे पदवीशिक्षण मोठ्या प्रमाणात दुसऱ्या प्रकारच्या महाविद्यालयांतून दिले जाते. तालुक्याच्या ठिकाणच्या विद्यार्थ्यास तर बहुधा हेच एक महाविद्यालय आवाक्यातले असते. म्हणून प्रस्तुत नोंदीत महाराष्ट्रातील व्यवस्थेचाच मुख्यत्वे विचार केला आहे.

अनुदानित महाविद्यालयाचे जीवन दोन प्रकारच्या शासकीय निर्णयांवर अवलंबून असते. विधिनियमाने महाविद्यालयावर कर्तव्ये येतात : कोणते अभ्यासक्रम शिकवावयाचे, अध्यापकाची अर्हता काय असावी, कोणत्या प्रवर्गास किती जागा ठेवावयाच्या, शुल्क किती घ्यावयाचे. ही कर्तव्ये पार पाडण्याचे साधन मात्र अर्थसंकल्पातून येते. विधिनियम एकदा संमत झाला की वर्षानुवर्षे टिकतो. अर्थसंकल्प दर वर्षी नव्याने मांडला जातो. पहिल्याचा मसुदा उच्च शिक्षण विभागात तयार होतो, तर दुसऱ्यावर वित्त विभागाची पकड असते. या दोहोंचा मेळ बसला नाही म्हणजे जी तूट उरते, ती महाविद्यालयाला सोसावी लागते आणि ती बहुधा रिक्त पदांच्या रूपाने दिसते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : भारतातील अनुदानपद्धतीचा उगम १८५४ च्या वुडच्या खलित्यात आहे. सर्व शिक्षण सरकारने स्वतः चालविणे परवडणारे नाही, तेव्हा खाजगी प्रयत्नांना नियमबद्ध साहाय्य द्यावे, असे धोरण त्यात मांडले होते. १८८२ मध्ये नेमलेल्या हंटर आयोगाने या धोरणाचा पुरस्कार केला व खाजगी संस्थांना अधिक वाव मिळाला. १८८४ मध्ये स्थापन झालेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीने १८८५ मध्ये पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालय काढले. अल्प वेतनावर काम करणारे आजीव सदस्य, लोकांच्या देणग्या, विद्यार्थ्यांचे शुल्क व सरकारी अनुदान अशा चार आधारांवर ही नवी महाविद्यालये उभी राहिली.

शासकीय महाविद्यालय हे तरी अर्थसंकल्पाच्या धक्क्यापासून सुरक्षित असते, असा समज होण्याचा संभव आहे. पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयाचा इतिहास या समजास छेद देतो. लोकमान्य टिळक व गोपाळ गणेश आगरकर यांसारखे विद्यार्थी आणि रा. गो. भांडारकर यांसारखे अध्यापक लाभलेले हे महाविद्यालय मुंबई सरकारने १९३४ मध्ये काटकसरीच्या धोरणात बंद केले. माजी विद्यार्थ्यांनी या निर्णयाविरुद्ध न्यायालयात दाद मागितली. महाविद्यालयाच्या उभारणीस जमशेटजी जिजीभाई यांची मोठी देणगी मिळालेली होती. अखेर १७ ऑगस्ट १९३९ रोजी ते पुन्हा सुरू झाले, पण पदव्युत्तर अध्ययन व संशोधन संस्था म्हणून. भाषाशास्त्र व पुरातत्त्वविद्या या विषयांत या संस्थेने पुढे मोठे नाव मिळविले, हे खरे. तथापि पदवीवर्गांचे जुने महाविद्यालय परत आले नाही. अर्थसंकल्पातील एका कपातीने जे मोडते, ते नंतर पैसा उपलब्ध झाला तरी जसेच्या तसे उभे करता येत नाही, याचे हे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण होय.

स्वातंत्र्यानंतर महाविद्यालयीन शिक्षण शहरांबाहेर पसरले. रयत शिक्षण संस्थेचे साताऱ्याचे छत्रपती शिवाजी महाविद्यालय (१९४७) व पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) येथील मिलिंद महाविद्यालय (१९५०) ही या विस्ताराची आरंभीची उदाहरणे. मराठवाडा (१९५८) व शिवाजी (१९६२) या विद्यापीठांच्या स्थापनेनंतर तालुक्यातालुक्यांत महाविद्यालये निघाली. आर्थिक दृष्ट्या मागासलेल्या कुटुंबांतील विद्यार्थ्यांना शुल्कमाफी देण्याची योजना १९५९ मध्ये मुंबई राज्यात सुरू झाली होती; तिने ग्रामीण विद्यार्थ्यांचा ओघ वाढविला. या काळात अनुदान हे खर्चाच्या ठरावीक प्रमाणात मिळे व अध्यापकाला वेतन वेळेवर आणि पूर्ण मिळेल याची शाश्वती नसे. कागदावर एक रकमेची पावती व हातात दुसरी रक्कम, ही तक्रार त्या पिढीतील अध्यापकांकडून पुष्कळदा ऐकावयास मिळे. १९७० नंतरच्या दशकात विद्यापीठ अनुदान आयोगाच्या वेतनश्रेणी लागू झाल्या, मान्य पदांच्या वेतनाचा पूर्ण भार शासनाने स्वीकारला आणि वेतन बँकेमार्फत देण्याची पद्धत आली. संस्थाचालकाच्या मर्जीवर असलेले अध्यापकाचे पोट तेथून कोषागारावर अवलंबून राहिले. हा बदल सामाजिक दृष्ट्या कोणत्याही विद्यापीठ कायद्याइतकाच महत्त्वाचा होता.

सांविधानिक चौकट : १९१९ च्या कायद्याने शिक्षण हा विषय प्रांतिक मंत्र्यांकडे सोपविला गेला. भारतीय संविधानात तो आरंभी राज्यसूचीत होता. बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने (१९७६) तो समवर्ती सूचीत गेला. उच्च शिक्षणाच्या दर्जाचा समन्वय व निश्चिती हा विषय प्रथमपासूनच संघसूचीत आहे. परिणामी अध्यापकाची किमान अर्हता, वेतनश्रेणी व कार्यभार दिल्लीत ठरतात. ते अंमलात आणण्यासाठी लागणारा पैसा मुख्यतः मुंबईत उभा करावा लागतो. नव्या वेतनश्रेणी लागू झाल्या म्हणजे केंद्र शासन वाढीव खर्चाचा काही वाटा काही काळापुरता उचलते. सहाव्या वेतन आयोगाच्या वेळी हा वाटा २००६ ते मार्च २०१० या काळासाठी ८० टक्के होता. सातव्या आयोगाच्या वेळी तो २०१६ ते मार्च २०१९ या काळासाठी ५० टक्क्यांवर आला. मुदत संपताच पूर्ण भार राज्यावर पडतो. सहाव्या आयोगाच्या वेतनश्रेणींतील थकबाकीच्या वादातून महाराष्ट्रातील प्राध्यापकांनी २०१३ मध्ये परीक्षांच्या कामावर बहिष्कार टाकला आणि केंद्र व राज्य यांच्यातील हिशेबाची झळ पदवी परीक्षेच्या विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचली.

विद्यापीठविषयक विधिनियम : राज्यातील विद्यापीठांसाठी १९७४ मध्ये स्वतंत्र अधिनियम झाले. त्यांच्या जागी महाराष्ट्र विद्यापीठ अधिनियम, १९९४ हा सामाईक कायदा आला आणि त्याची जागा महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ याने घेतली. हा अधिनियम १ मार्च २०१७ पासून अंमलात आहे. नवे महाविद्यालय कोठे काढावे यासाठी विद्यापीठाने बृहत् आराखडा तयार करावयाचा, संस्थेने त्यानुसार अर्ज करावयाचा, विद्यापीठाने शिफारस करावयाची व राज्यशासनाने आधी इरादापत्र आणि नंतर अंतिम परवानगी द्यावयाची, असा क्रम त्यात आहे. विद्यापीठाने शिफारस न केलेल्या अर्जासही अपवादात्मक बाब म्हणून, कारणे नमूद करून, शासनाला परवानगी देता येते. या एका तरतुदीमुळे आराखड्याचे शैक्षणिक गणित राजकीय गणितापुढे नमू शकते, हे येथे नमूद केले पाहिजे.

येथे एक भेद लक्षात घेणे अगत्याचे आहे. परवानगी, संलग्नीकरण आणि अनुदान या तीन स्वतंत्र गोष्टी आहेत. परवानगी शासन देते, संलग्नीकरण विद्यापीठ देते. अनुदान मात्र या दोहोंतून आपोआप मिळत नाही. अनुदान किती व कोणास मिळावे, याचे सूत्र विद्यापीठ अधिनियमात नाही. ते वेळोवेळी काढलेल्या शासन निर्णयांत आहे. शासन निर्णय हा कार्यकारी आदेश असतो. तो विधिमंडळासमोर संमतीसाठी जात नाही व दुसऱ्या शासन निर्णयाने बदलता येतो. सामान्य वाचकाला विद्यापीठ कायदा मोठा व शासन निर्णय किरकोळ वाटतो. प्राचार्यांच्या कार्यालयात मात्र अधिनियमाची प्रत कपाटात असते आणि शासन निर्णयांची धारिका टेबलावर.

अर्थसंकल्पाची प्रक्रिया : संविधानाच्या अनुच्छेद २०२ प्रमाणे वार्षिक वित्तविषयक विवरणपत्र राज्य विधिमंडळापुढे ठेवले जाते. त्यातील अनुदानाच्या मागण्यांवर विधानसभा मतदान करते (अनुच्छेद २०३) आणि विनियोजन अधिनियमाने राज्याच्या एकत्रित निधीतून पैसा काढण्याचा अधिकार मिळतो (अनुच्छेद २०४). महाविद्यालयांचा खर्च ‘सर्वसाधारण शिक्षण’ या २२०२ क्रमांकाच्या मुख्य शीर्षाखाली येतो. त्यात विद्यापीठीय व उच्च शिक्षणाचे उपमुख्य शीर्ष ०३ असून, शासकीय महाविद्यालयांसाठी १०३ व अशासकीय महाविद्यालयांच्या साहाय्यासाठी १०४ ही गौण शीर्षे आहेत. सहायक अनुदानाची वेतन व वेतनेतर अशी विभागणी असते. प्रयोगशाळा, ग्रंथालय, वीज व दुरुस्ती या बाबी वेतनेतर भागात मोडतात आणि ओढाताणीच्या वर्षी कात्री प्रथम त्यांना लागते; कारण वेतन थांबविले तर आंदोलन होते, पण नियतकालिकांची वर्गणी थांबविली तर ते कोणाच्या लक्षातही येत नाही.

महाराष्ट्राच्या विधानपरिषदेत ७८ सदस्यांपैकी ७ शिक्षक मतदारसंघांतून व ७ पदवीधर मतदारसंघांतून निवडून येतात. महाविद्यालयांचे प्रश्न तेथे वारंवार व आस्थेने मांडले जातात. परंतु अनुदानाच्या मागण्यांवर मत देण्याचा अधिकार केवळ विधानसभेस आहे आणि धनविधेयकावर विधानपरिषदेस चौदा दिवसांच्या आत फक्त शिफारशी करता येतात. शिक्षकांनी निवडून दिलेल्या प्रतिनिधीला शिक्षकांच्या वेतनाच्या मागणीवर मत देता येत नाही, ही विसंगती फारशी कोणाच्या ध्यानी नसते.

दुसरी अडचण कालगणनेची. वित्तीय वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते व शैक्षणिक वर्ष जूनमध्ये. पुढील वर्षाचे अंदाज विभागाकडून आदल्या वर्षाच्या उत्तरार्धातच मागविले जातात; त्या वेळी जूनमध्ये किती विद्यार्थी प्रवेश घेतील, हे कोणालाच ठाऊक नसते. तूट आली तर पावसाळी अधिवेशनातील किंवा डिसेंबरात नागपूरला भरणाऱ्या हिवाळी अधिवेशनातील पुरवणी मागण्यांची वाट पाहावी लागते. उलट, मार्चमध्ये अनपेक्षितपणे निधी वितरित झाला, तर तो ३१ तारखेपूर्वी खर्चावा लागतो. अखर्चित निधी व्यपगत होतो. मार्चअखेरीस घाईने घेतलेली उपकरणे पुढे बरीच वर्षे खोक्यांतच पडून असलेली प्रस्तुत लेखकाने पाहिली आहेत. दोष तेथील विभागप्रमुखाचा नव्हता.

मंजूर निधी महाविद्यालयापर्यंत पोहोचण्याचा मार्ग असा : महाविद्यालय दर महिन्याचे वेतन देयक विभागीय उच्च शिक्षण सहसंचालकांकडे पाठविते, तेथे मान्य पदे व वेतननिश्चिती यांच्याशी ते ताडून पाहिले जाते, नंतर कोषागारातून रक्कम अदा होते. अर्थसंकल्पात तरतूद असली तरी वित्त विभागाने ती प्रत्यक्ष वितरित केल्याखेरीज देयक पारित होत नाही. ‘तरतूद’ व ‘वितरण’ हे कार्यालयीन भाषेतील दोन साधे शब्द आहेत. वेतन पहिल्या तारखेला होणार की पंधरा तारखेला, हे त्यांच्यामधील अंतरावर ठरते.

पदे, कार्यभार आणि रिक्त जागा : अर्थसंकल्पीय निर्णयांचा सर्वांत खोल परिणाम अध्यापकांच्या पदांवर होतो. सहायक प्राध्यापकाने आठवड्यास १६ तास प्रत्यक्ष अध्यापन करावे, असा विद्यापीठ अनुदान आयोगाचा दंडक आहे. समजा, एखाद्या महाविद्यालयात मराठी विषयाचा साप्ताहिक कार्यभार ४८ तासांचा आहे. त्यासाठी तीन पदे मान्य होतात. त्यांपैकी एक अध्यापक निवृत्त झाला, तर ते पद भरण्यासाठी कार्यभाराची तपासणी, बिंदुनामावलीची पडताळणी, शासनाचे ना-हरकत प्रमाणपत्र, जाहिरात, कुलगुरूंचे व शासनाचे प्रतिनिधी असलेल्या निवड समितीची सभा, विद्यापीठाची मान्यता आणि वेतननिश्चिती एवढे टप्पे ओलांडावे लागतात. यांपैकी ना-हरकत प्रमाणपत्र हा टप्पा वित्तीय धोरणाशी बांधलेला असतो. पदभरतीवर निर्बंध असतील तर प्रस्ताव तेथेच थांबतो.

अलीकडील घटनाक्रम या दृष्टीने उद्बोधक आहे. मे २०१७ मध्ये वित्त विभागाने सर्व विभागांचे सुधारित आकृतिबंध मंजूर होईपर्यंत नव्या पदभरतीवर निर्बंध घातले. उच्च शिक्षण विभागाने पाठपुरावा केल्यावर ३ नोव्हेंबर २०१८ च्या शासन निर्णयाने अनुदानित महाविद्यालयांतील सहायक प्राध्यापकांची ३,५८० पदे भरण्यास मुभा मिळाली. ही संख्या रिक्त पदांच्या सुमारे ४० टक्के होती. म्हणजे मुभा देतानाच अर्ध्याहून अधिक जागा रिकाम्या राहतील, हे गृहीत धरले होते. त्यांपैकी १,४९२ पदे भरली जातात न जातात तोच करोनाची साथ आली. ४ मे २०२० च्या शासन निर्णयाने विभागांच्या खर्चावर कठोर मर्यादा घातल्या व नवी भरती थांबविली. उरलेली २,०८८ पदे भरण्याची परवानगी नोव्हेंबर २०२१ मध्ये मिळाली. या चार-साडेचार वर्षांत विद्यापीठ कायद्यातील महाविद्यालयाची कर्तव्ये एका शब्दानेही कमी झालेली नव्हती, आणि निवृत्त होणाऱ्यांची रांगही थांबली नव्हती.

आरक्षणविषयक कायद्यांतील बदलही येथे गुंतलेला असतो. सामाजिक व शैक्षणिक दृष्ट्या मागास वर्गासाठी २०१८ मध्ये केलेला राज्याचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने मे २०२१ मध्ये रद्द ठरविला; २०२४ मध्ये १० टक्के आरक्षणाचा नवा कायदा झाला. अशा प्रत्येक टप्प्यावर प्रत्येक संस्थेची बिंदुनामावली नव्याने तयार करून तपासून घ्यावी लागते. आरक्षणाचा हेतू वंचितांना अध्यापकपदे मिळवून देण्याचा आहे; परंतु भरतीच थांबलेली असली तर आरक्षित जागाही कागदावरच राहते आणि या खोळंब्याचा फटका प्रथम ज्यांच्यासाठी कायदा केला, त्यांनाच बसतो.

रिक्त पदाचे काम तासिका तत्त्वावरील अध्यापकांकडून करून घेतले जाते. त्यांना प्रत्यक्ष घेतलेल्या तासांचे मानधन मिळते. सुट्टीचे, परीक्षेचे वा आजारपणाचे दिवस त्यात धरले जात नाहीत व मानधन अनेकदा काही महिन्यांनी एकत्र मिळते. त्यांची अर्हता पूर्णवेळ अध्यापकाएवढीच असते. राष्ट्रीय वा राज्य पात्रता परीक्षा उत्तीर्ण झालेल्या, पुष्कळदा पीएच्.डी. असलेल्या व्यक्ती दोनतीन महाविद्यालयांत तास घेऊन उपजीविका करतात. ऐन उमेदीची दहा-बारा वर्षे अशी घालविलेल्या अध्यापकाकडून संशोधनाची अपेक्षा करणे हा उपहास होय.

अर्थसंकल्पाच्या पुस्तकात रिक्त पद म्हणजे झालेली बचत. तिचा परिणाम मात्र पुढे वाढत जातो. पूर्णवेळ अध्यापक नसला की त्या विषयाकडे विद्यार्थी कमी येतात. विद्यार्थी कमी झाले की तुकड्या व तासिका कमी होतात. पुढील तपासणीत कार्यभार ४८ तासांऐवजी ३२ तास भरतो. मग तिसरे पद अनावश्यक ठरते. तात्पुरती म्हणून सुरू झालेली काटकसर अशा रीतीने कायम होते आणि तत्त्वज्ञान, संस्कृत, भूगोल, संख्याशास्त्र यांसारखे विषय कोणीही बंद करण्याचा निर्णय न घेता बंद पडतात. एखादा विषय तालुक्याच्या महाविद्यालयातून गेला म्हणजे शहरात राहण्याची ऐपत नसलेल्या विद्यार्थ्याच्या, विशेषतः विद्यार्थिनीच्या, दृष्टीने तो अस्तित्वातच राहत नाही.

शुल्कसवलती व प्रतिपूर्ती : शुल्कसवलत देणारा निर्णय लोकप्रिय असतो आणि योग्यही असतो, त्याचा आर्थिक भार मात्र काही काळ महाविद्यालयाने उचललेला असतो. विद्यार्थ्याकडून शुल्क घ्यावयाचे नाही व शासनाकडून प्रतिपूर्ती येईपर्यंत थांबावयाचे, अशी ही रचना आहे. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत केंद्र व राज्य यांचा वाटा २०२०-२१ पासून ६० : ४० असा ठरला. दोन वाटे दोन वेळांना येतात. २०२४-२५ पासून राज्याने व्यावसायिक अभ्यासक्रमांस प्रवेश घेणाऱ्या, वार्षिक आठ लाख रुपयांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या विद्यार्थिनींना शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्णतः माफ केले. या निर्णयाचे यश प्रतिपूर्तीच्या नियमितपणावर अवलंबून आहे. जेथे ती रखडते, तेथे गुणपत्रिका वा शाळा सोडल्याचा दाखला अडविण्याचे गैरप्रकार घडतात आणि सवलतीचा लाभार्थीच थकबाकीदार ठरतो.

विनाअनुदान धोरण : १९८३ मध्ये महाराष्ट्र शासनाने अभियांत्रिकीसारख्या व्यावसायिक शाखांत विनाअनुदान तत्त्वावर महाविद्यालये काढण्यास परवानगी देण्याचे धोरण स्वीकारले. नफेखोरीस आळा घालण्यासाठी १९८७ मध्ये प्रतिव्यक्ती शुल्क घेण्यास मनाई करणारा कायदा झाला. २०१५ च्या कायद्याने विनाअनुदानित व्यावसायिक संस्थांतील प्रवेश व शुल्क यांच्या नियमनासाठी प्राधिकरणे आली. एकविसाव्या शतकाच्या आरंभापासून कला, वाणिज्य व विज्ञान शाखांची नवी महाविद्यालयेही ‘कायम विनाअनुदान’ तत्त्वावर मंजूर होऊ लागली. शासन निर्णयातील ‘कायम’ या एका शब्दाचे वजन केवढे असते, हे शाळांच्या बाबतीत दिसून आले. दीर्घ आंदोलनानंतर २००९ मध्ये शाळांसाठीचा हा शब्द वगळला गेला आणि टप्प्याटप्प्याने अनुदानाचा मार्ग मोकळा झाला. अनुदानित महाविद्यालयांतही आता विनाअनुदानित तुकड्या असतात. एकाच इमारतीत, एकाच फळ्यावर, एकच अभ्यासक्रम शिकविणाऱ्या दोन अध्यापकांपैकी एकाचे वेतन कोषागारातून येते व दुसऱ्याचे विद्यार्थ्यांच्या शुल्कातून. दोन्ही रकमांत कित्येक पटींचे अंतर असू शकते.

न्यायालयांची भूमिका : अनुदान हा हक्क आहे की धोरणात्मक सवलत, या प्रश्नावर न्यायालयांनी वेगवेगळ्या संदर्भांत निर्णय दिले आहेत. महाराष्ट्रात कला, विज्ञान, वाणिज्य इ. शाखांच्या खाजगी महाविद्यालयांना अनुदान मिळे. खाजगी विधी महाविद्यालयांना मात्र ते नाकारले जाई. महाराष्ट्र राज्य विरुद्ध मनुभाई प्रागजी वशी या खटल्यात (१९९५) सर्वोच्च न्यायालयाने हा भेद अमान्य केला. गरिबांना विधिसाहाय्य मिळावयाचे तर सुशिक्षित वकील तयार झाले पाहिजेत, असा अनुच्छेद २१ व ३९-अ यांवर आधारलेला युक्तिवाद स्वीकारून मान्यताप्राप्त विधी महाविद्यालयांना अनुदान देण्याचा आदेश न्यायालयाने राज्यास दिला. याउलट, उत्तर प्रदेशातील एका खटल्यात २०२१ मध्ये त्याच न्यायालयाने, अनुदान हा मूलभूत हक्क नसून ते देणे, न देणे वा त्याच्या अटी ठरविणे ही शासनाच्या धोरणाची बाब आहे, असे म्हटले. दोन्ही निर्णय एकत्र वाचले असता असे दिसते की, अनुदान द्यावेच असे सर्वसाधारणपणे शासनावर बंधन नाही. पण ते देताना सकारण आधाराविना भेदभाव करता येत नाही. महाविद्यालयाच्या स्थैर्याला कायद्याचा आधार तेवढाच आहे. बाकीचे स्थैर्य परिपाठाने आले आहे.

केंद्रीय योजना व नवी रचना : राष्ट्रीय उच्चतर शिक्षा अभियान (२०१३) व त्याचे पुढील रूप असलेली पीएम-उषा योजना (२०२३) यांत राज्याने ४० टक्के हिस्सा घालणे आवश्यक असते. राज्याचा हिस्सा लांबला की पुढचा हप्ताही लांबतो. या अभियानाच्या साहाय्याने मुंबईत समूह विद्यापीठाचा प्रयोग झाला. विज्ञान संस्था, एल्फिन्स्टन महाविद्यालय, सिडनहॅम महाविद्यालय व माध्यमिक शिक्षणाचे अध्यापक महाविद्यालय या चार शासकीय संस्था २०१९ मध्ये मुंबई विद्यापीठातून काढून डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठात एकत्र आणण्यात आल्या. शतकभर व त्याहून अधिक काळ ज्या विद्यापीठाची पदवी ही महाविद्यालये देववीत, ते विद्यापीठ शासकीय अधिसूचनेने बदलले. अध्यापकांची नेमणूक व पदनिर्मिती मात्र पूर्वीप्रमाणेच शासनाच्या हाती राहिली.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० यानुसार पदवीची नवी रचना राज्यातील स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून व संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाली. तीमध्ये चौथ्या, सन्मान वर्षाची सोय असून भारतीय ज्ञानप्रणाली, कौशल्य, क्षेत्रप्रकल्प व कार्यप्रशिक्षण असे नवे घटक आहेत. या घटकांच्या तासिका कोणत्या पदाच्या कार्यभारात धराव्यात आणि चौथ्या वर्षासाठी नवी पदे मिळणार की नाही, हे प्रश्न सर्वप्रथम लहान महाविद्यालयांपुढे उभे राहतात. ज्या विभागात तीनपैकी एकच पूर्णवेळ अध्यापक उरला आहे, तेथे विद्यार्थ्याला चौथे वर्ष आपल्याच गावी करता येईल की जिल्ह्याच्या ठिकाणी खोली घ्यावी लागेल, याचे उत्तर अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेत नसून गौण शीर्ष १०४ खालील तरतुदीत आहे.